कुंपणाच्या साड्या

मोनाली : बाबा, हे कॅलेंडर मागल्या सालचं. काढू काहून नाई देत?

डोमाजी : राहू दे. भिंत उघडी दिसते.

मोनाली : मागच्या बाजूनं मायचं अक्षर हाय.

डोमाजी : दुधाच्या तारखा असतीन.

मोनाली : नाई. कविता हाय. आयका.
"डुक्कर आलं धुऱ्यावर, साडी पाहून थांबलं,
बाई उभी हाय वाटलं त्याले, आल्या वाटेनं गेलं.
रोही आला तुरीपाशी, तोही मागं फिरला,
घरधन्यानं साडीआडून करंट तारीत भरला.
जनावराले साडीत बाई दिसली,
मानसाले नुसती साडी दिसली."

डोमाजी : तिले काय, निंदता निंदता काहीबी जुळवे.

मोनाली : बाबा, घरधनी मनते माय. नागोरावकाका नाई मनत.

डोमाजी : कविता हाय ते.

मोनाली : तार नागोरावकाकाची, असं तुमी ठाण्यात सांगतलं. दीड महिना झाला, काका जेलात हायेत.

डोमाजी : इहिरीवरची मोटार त्याची होती. करंट तिथूनच आला.

मोनाली : तार ओढली कोनं?

(डोमाजी कॅलेंडर हातात घेतो. उलटं करून भिंतीला टेकवतो.)

डोमाजी : साड्यायनं डुक्कर थांबे, पोरी. खरंच थांबे. दोन सालं तुरीची शेंग नाई गेली.

मोनाली : मंग तार कायले?

डोमाजी : गावात हासत. डोमाजीचं वावर बायको राखते मनत. पानठेल्यावर हिरासिंग मने, घरात उरली असन तं तूबी नेस एखादी.

मोनाली : एवढ्यासाठी?

डोमाजी : एवढ्याचसाठी. नागोराव आर्णीले लग्नाले गेलता. त्याले न विचारता आकडा टाकला. पहाटे उठून काढून घेवो. तिसऱ्या दिवशी डोळा लागला. हवेनं निळी साडी सुटली होती. तुही माय ती बांधाले गेली, अन् तारीले चिकटली.

मोनाली : अन् तुमी काकाचं नाव घेतलं.

डोमाजी : जमादारानं विचारलं, तार कोनाच्या मोटारीवरून आली? मी बोट दाखवलं. खोटं तं नाई बोललो, असं मनाले सांगत राह्यलो.

मोनाली : साड्या अजून तशाच हायेत कुंपणाले. येताना बसमधून दिसल्या. काढून आनू?

डोमाजी : नको. रोज जातो मी. हवा आली का ती पदर सावरते. मी धुऱ्यावरच थांबतो. पाय पुढं पडत नाई.

मोनाली : डुकरावानी.

डोमाजी : डुक्कर शहानं, पोरी. ते येळेवर थांबलं.

शकुबाई (भिंतीपलीकडून) : डोमाजीभाऊ! मोना आली ना? वांगे शिजून राह्यले. भाकरी किती टाकू?

मोनाली : बाबा... रोज शकुकाकूच देते?

डोमाजी : तुही माय गेली त्या दिवसापासून. तिचा नवरा नागोराव आत, अन् मले ताट.

मोनाली : अन् तुमी जेवता?

डोमाजी : जेवतो. उष्टंबी नाई टाकत.

शकुबाई : आयकू नाई येत का वो? किती टाकू?

डोमाजी : वहिनी, तवा खाली उतरव. मी येतो तिकडं. जेवाले नाई.