व्हिएन्ना सोडून कुठूनही

नुरदान : वॉर्सा? बाबा, एस्किशेहिरहून हॅम्बर्गला जायचं आणि वाटेत वॉर्सा?

नाझमी : रूळ जातात ना तिथून? मग झालं.

नुरदान : रूळ काय, कुठूनही जातात! काल प्राग म्हणालात, मी प्राग बसवलं. सकाळी ल्युब्लियाना म्हणालात, तेही बसवलं. आता वॉर्सा. तुमच्या त्या युरोपभर चालणाऱ्या रेल्वे-पासात प्रवासाचे दिवस आहेत दहा, त्यातले पाच तुम्ही नुसते जाण्यातच उडवताय.

नाझमी : पाच नाही, सहा. सोफियाची गाडी इस्तंबूलहून रात्री सुटते, दुसऱ्या दिवशी पोचते. त्याचेच दोन झाले.

नुरदान : एकच! रात्रीच्या गाडीचा फक्त सुटायचा दिवस धरतात. सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय.

नाझमी : एकतीस वर्षं स्टेशनमास्तर होतो मी. दिवस कधी बदलतो ते मला शिकवू नकोस. आणि हा कसला पास म्हणायचा? गाडीचा नंबर नाही, डबा नाही, जागा नाही. माझ्या फलाटावर असलं काही घेऊन कोणी आला असता तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

हाजेर : दाखवलाच असेल कित्येकांना. चहा घ्या. अहो नाझमी बे, तुम्हाला साखरेचा एकच खडा. माझ्याकडे काय बघताय, डॉक्टरांकडे बघा.

नुरदान : आई, तू तरी सांग यांना. माझी अंकाराची गाडी पाच-चाळीसला आहे. उद्यापासून मला शाळेत शिकवायचंय. आणि सोफियाच्या गाडीत झोपायच्या जागा आता थोड्याच उरल्यात, बायरमची, ईदची गर्दी. आज पास घेतला नाही तर बसा इथेच.

हाजेर : मी काय सांगणार? लग्नानंतर कोन्याला जायचं होतं, तेव्हाही यांनी तीन दिवस वेळापत्रक वाचलं. चौथ्या दिवशी सुट्टी संपली.

नाझमी : ती गाडी बदलायची ठिकाणं गैरसोयीची होती.

नुरदान : आता माझं ऐका. इस्तंबूल ते सोफिया, एक. सोफिया ते बुखारेस्ट, दोन. बुखारेस्टला दुपारी झोपायच्या डब्यात बसायचं, सकाळी डोळे उघडले की व्हिएन्ना. तीन. मध्ये गाडी बदलायची नाही, बॅगा उचलायच्या नाहीत. व्हिएन्नाहून हॅम्बर्ग, चार. इतकं सरळ आहे.

नाझमी : व्हिएन्नाचं स्टेशन फार मोठं आहे. तुझ्या आईचे गुडघे...

नुरदान : तिथे लिफ्ट आहेत. वॉर्सात आईला चार तास बाकावर बसवणार होतात, तेव्हा तिचे गुडघे नव्हते का?

हाजेर : माझे गुडघे यांना सोयीप्रमाणे आठवतात.

नाझमी : त्या रात्रीच्या डब्याला वेगळं रिझर्वेशन लागतं.

नुरदान : प्रागच्या गाडीलाही लागत होतं, तेव्हा कुरकुर केली नाहीत. बाबा, हा नकाशा बघा. ही प्रागची रेघ, ही ल्युब्लियानाची, ही वॉर्साची. तिन्ही रेघा एका शहराला वळसा घालतायत. आपलं मांजर पुसलेल्या ओल्या फरशीला घालतं ना, तसा. त्या शहरात काय आहे, सांगा बघू?

नाझमी : काय असणार? राजवाडे.

नुरदान : मेलिहा आत्या आहे.

नाझमी : तुला समजत नाही त्यात पडू नकोस. बायरमची रीत असते. सकाळची नमाज झाली की पहिला हात थोरल्याचा. तो ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा, मग खाली खाली येत धाकट्यांकडे. थोरले कोण? रिफत दादा. राहतात कुठे? हॅम्बर्गला. व्हिएन्नाला आधी उतरलो तर धाकटीच्या घरी आधी पाय लागले, असं होईल. उद्या दादांना काय तोंड दाखवू?

नुरदान : मग दादांकडे आधी जा, परत येताना आत्याकडे उतरा! परतीचा रस्ताही तुम्ही वॉर्सावरून आखलाय!

नाझमी : परतीला... एकदा पाहिलेला रस्ता बरा असतो.

हाजेर : अरे देवा! काय माणूस आहे.

नुरदान : ठीक. म्हणजे अडचण फक्त एवढीच ना, की पहिला हात रिफत काकांचा व्हायला हवा?

नाझमी : एवढीच.

नुरदान : नक्की? आई, तू ऐकलंस. मग ऐका. बायरमला रिफत काका हॅम्बर्गमध्ये नाहीत.

नाझमी : नाहीत म्हणजे? बरे आहेत ना?

नुरदान : ठणठणीत आहेत. काल रात्री फोन केला होता मी, जागा कोणत्या दिवशीच्या घेऊ विचारायला. बायरमच्या आदल्या दिवशी ते मुलाबरोबर व्हिएन्नाला येतायत. आत्याकडे. म्हणाले, "नाझमीला सांग, माझा हात हवा असेल तर मेलिहाच्या घरी ये. हॅम्बर्गच्या दाराला कुलूप असेल."

नाझमी : एक्याऐंशी वर्षांचा माणूस! बारा तास गाडीत बसून!

नुरदान : तुमच्यासाठी बसतोय. नाहीतर तुम्ही रशियावरूनही हॅम्बर्ग गाठाल हे त्यांना ठाऊक आहे.

हाजेर : घ्या. थोरल्याचा शब्द आला. आता रीत काय म्हणते, नाझमी बे?

नाझमी : तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत हे.

नुरदान : हो. ठरवलं. कारण तुमच्याशी सरळ बोलायची सोयच नाही! एकवीस वर्षं या घरात आत्याचं नाव निघालं की तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवता. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, बाबा. अंगणातच उभी होते. सगळं पाहिलंय.

नाझमी : काय पाहिलंस?

नुरदान : आजी पहाटे गेली. आत्याने विमानतळावरून फोन केला की संध्याकाळी सातला पोचते, थांबा. तुम्ही म्हणालात, दफनाची नमाज एक वाजता आहे.

नाझमी : मातीला उशीर करू नये. धर्मच सांगतो तसं.

हाजेर : इमामसाहेब काय म्हणाले होते, तेही सांगा.

नाझमी : हाजेर.

हाजेर : मी शेजारीच होते. ते म्हणाले, मुलगी वाटेत आहे तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. रिफत दादा तेव्हा तिकडे हॉस्पिटलात पडलेले. घरात मोठे तुम्हीच. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, वेळ झाली, उचला.

नुरदान : आणि सात वाजता आत्या दारात आली. हातात बॅग, पायांत ते शहरातले बूट. तिने तुम्हाला एकच विचारलं, एक रात्र थांबला असतास तर काय बिघडलं असतं. तुम्ही काय उत्तर दिलंत, आठवतंय?

नाझमी : आठवतं.

नुरदान : मी सांगू?

नाझमी : नको. मीच सांगतो. मी म्हणालो, उशीर तू केलास, आम्ही नाही. सगळ्या गल्लीसमोर म्हणालो.

(नाझमी चष्मा काढतात, नकाशाची घडी घालतात आणि पुन्हा उघडतात.)

नाझमी : चूक माझी होती. लिहून घ्यायचं तर लिहून घे. त्याच रात्री कळलं होतं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर गेलो, तर ती आधीच्याच गाडीने निघून गेलेली. मग एक आठवडा गेला, मग महिना. नंतर फोन उचलायचा म्हटलं तरी हात जड व्हायचा.

हाजेर : तुमचा व्हायचा. माझा नाही झाला.

नाझमी : म्हणजे?

हाजेर : दर शुक्रवारी बोलतो आम्ही. तुम्ही मशिदीच्या वाटेला लागलात की मी फोन लावते.

नाझमी : वीस वर्षं?

हाजेर : एकवीस. इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांची मिनिटं मोजलीत, घरात काय चाललंय ते नाही दिसलं.

नाझमी : आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!

हाजेर : तुम्ही एका शब्दाने विचारलंत?

नुरदान : आई! मलाही नाही सांगितलंस!

हाजेर : तुला सांगितलं असतं तर तू एका तासात यांच्याशी भांडायला आली असतीस.

नाझमी : काय... काय बोलते ती?

हाजेर : बायका काय बोलतात? पाठ दुखते, मुलगा घर बदलतोय, तिकडे चांगली वांगी मिळत नाहीत. आणि फोन ठेवायच्या आधी दर वेळी विचारते, दादा रक्तदाबाची गोळी घेतो का नीट.

नाझमी : दादा म्हणते?

हाजेर : मग काय म्हणेल? स्टेशनमास्तर?

नुरदान : बाबा... रडू नका हो. मी मघाशी जरा जास्तच बोलले.

नाझमी : रडत नाही. वाफ लागली चहाची.

हाजेर : चहा कधीचा गार झालाय.

नाझमी : हाजेर, एक सांग. बायरमची सकाळ. दादा बसलेत, घर भरलेलं, तिच्या सुना, नातवंडं. मी तिच्याहून मोठा. रीतीप्रमाणे मी हात पुढे करणार. आणि सगळ्यांसमोर तिने तो घेतलाच नाही तर?

हाजेर : तर तुम्ही तिचा घ्या.

नाझमी : मोठ्याने धाकटीचा? कुठे ऐकलंयस असं?

हाजेर : नाही ऐकलं. पण आईची माती उरकून मुलीला दारात उभं केलेलंही मी दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं.

नुरदान : बाबा, पाच वाजून गेले. मला निघायला हवं. काय करू? बुखारेस्टची ती झोपायची जागा घेऊ की नको? एकदाच सांगा, आणि वॉर्सा म्हणालात तर हा फोन मी खिडकीतून फेकणार आहे.

नाझमी : घे. खालच्या दोन बर्थ घे. तुझ्या आईला वर चढवत नाही.

नुरदान : घेतल्या. आता व्हिएन्नात मुक्काम किती धरू? चार दिवस?

नाझमी : पाच धर. पहिल्या दिवशी ती बोलायची नाही.