मुख्यमंत्र्यांच्या फोटोचे खिळे

हसाल तुम्ही, पण राजकारण मला कळलं ते एका फ्रेमच्या पाठीमागून.

सरकार बदललं, म्हणून मलकपेठच्या आमच्या मराठी मंडळात मुख्यमंत्र्यांचा फोटोही बदलायचा होता. संध्याकाळी नव्या पक्षाचे आमदार येणार, हॉलची परवानगी त्यांच्याच हातात. मी पक्कड घेऊन बसलो, तर फ्रेमचे खिळे निघेनात. बोट सोलून निघालं.

"कुणी ठोकलेत एवढे?"

"मीच," आमचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका म्हणाले. "वाटलं, आता हे कुठं जातात!"

त्या फोटोच्या मागे त्याहून जुना फोटो निघाला, आणखी आधीच्या पक्षाचा. काका बघत राहिले.

"ह्यांच्या वेळेलाही असंच वाटलं होतं."

नवा फोटो बसवून मी हातोडी उचलली.

"नक्को रे," काका म्हणाले. "चिकटपट्टी लाव."