सुया लावून पडलेल्या दोघी

माहेर माझं दांडीचं आणि सासर मुरब्याचं, म्हणजे एका किनाऱ्यावरनं उठून दुसऱ्या किनाऱ्यावर आले एवढंच, दर्या तोच. बाप खलाशी, भाऊ खलाशी, नवरा मिळाला तो पण खलाशी. आई माझी मी लहान असतानाच गेली, त्यामुळं आई म्हणून हाक मारायला मला सासूच मिळाली, आणि ती तर तोंडाची फटकळ, बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकते, गिऱ्हाइकानं भाव पाडला की त्याच्या सात पिढ्या काढते. मला भ्यावच वाटायचं तिचं. पण नवरा, ज्याचं विचारायला तुमी आलात ताई, प्रकाश नाव त्याचं, तो घरात आला की घर भरल्यासारखं वाटायचं, एकटाच असायचा पण चार माणसं आल्यासारखा आवाज.

तो गुजरातच्या बोटीवर कामाला लागला तवा मला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. निघताना माझ्या पोटाकडं बघून बोलला, बाप आल्याशिवाय बाहेर यायचं नाय बरं का. मी हसले. आणि मग एक दिवस बोटमालकाचा फोन आला, की समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशानं बोट धरून नेली, खलाशी सगळे जिवंत हायेत, पण तिकडं तुरुंगात हायेत, कधी सुटतील ते काय सांगता येत नाय. आता दर्यात काय कुंपण घातलंय का ताई? जाळं ओढताना माणूस पाण्याकडं बघेल का रेघ शोधेल?

सासूनं फोन ठेवला, पदर खोचला आणि राहिलेले बोंबील वाळत घातले. मला बोलली, पोटुशी बाईनं रडायचं नाय, पोर रडकं होतं, आणि या घरात आता त्याचं नाव काढायचं नाय. खुंटीवरचा त्याचा शर्ट तिनं पेटीत टाकला. तिनं असं केलं म्हणून मला इतका राग आला, वाटलं हिचा पोटचा पोर आणि ही दगड.

मग माझं सुरू झालं. उलट्या थांबेनात, पोटात पाणी ठरेना, झोप तर नायच. सरकारी दवाखान्यात दाखवलं, गोळ्या दिल्या, उलट्या जरा कमी झाल्या, पोर बरं हाय बोलल्या तिथल्या नर्सबाई, पण झोपेचं काय? डोळा लागला की बोट दिसायची. पुढं पुढं कंबर धरली, इतकी की वाकून केर काढता येईना. तवा सासूच्या गिऱ्हाईक एक डॉक्टरबाई होत्या, बोईसरला सालवडकडं जाताना त्यांचा दवाखाना हाय, सुया टोचून उपचार करतात त्या. सासूनं बोंबील मोजता मोजता सगळं सांगितलं असणार, कारण घरी येऊन मला बोलली, उद्या चल, सुया टोचून घ्यायच्यात.

मी बोलले, आई, मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा लागला तर हात सुजून येतो, आणि आता मुद्दाम टोचून घेऊ? पण तिच्यापुढं कोणाचं चाललंय.

तिथं कारखान्यातल्या कामगारांच्या बायका बसल्या होत्या, त्यातली एक पोटुशी मला बोलली, डरो मत दीदी, चींटी जैसा लगता है. डॉक्टरबाईंनी आधी दवाखान्याचे कागद बघितले, गोळ्या बंद करायच्या नायत बोलल्या, आणि काही जागा बाळंतपण जवळ येईपर्यंत टोचायच्या नसतात, तिथं मी हात लावणार नाय. मी मनातलं बोलून गेले, सुईनं माझा माणूस येईल का? त्या हसल्या नायत. बोलल्या, नाय येणार, बाय. झोप येते का ते बघू.

केसासारख्या सुया, हातात, पायात, कपाळावर एक. टोचल्याचं कळलं न कळलं, मग पायात जड जड वाटायला लागलं, आणि खरं सांगते, मी घोरले तिथं. सासूनंच सांगितलं. त्यानंतर आमी दर आठवड्याला जायला लागलो. कंबर काय एकदम गेली नाय, पण ऊठबस करता यायला लागली, आणि घरी पण थोडी झोप लागायला लागली.

एकदा काय झालं, मला सुया लावून डॉक्टरबाई सासूकडं वळल्या आणि बोलल्या, तुमी झोपता का हो? सासू बोलली, माझं काय, मला कुठं पोर व्हायचंय. त्यांनी काय ऐकलं नाय, तिचा हात धरून बाजूच्या खाटेवर झोपवलं आणि तिला पण सुया लावल्या. हलायचं नाय बोलल्या आणि गेल्या बाहेर. आता आमी दोघी, पंखा फिरतोय, वर छताकडं तोंड, एकमेकींकडं बघता येत नाय, उठून जाता येत नाय. तिला उठायला काम नाय, मला उठायला निमित्त नाय.

तशीच पडल्या पडल्या ती बोलली, तो पायाळू हाय, ठाव हाय तुला? पायाकडनं जन्मला, सुईण घाबरली होती, बोलली दोघांतलं एकच वाचेल. आणि पायाळूचा पाय लागला की कंबरेची उसण जाते ना, म्हणून अख्खा गाव यायचा दारात, तो एवढासा, म्हाताऱ्यांच्या पाठीवर पाय ठेवून खिदळायचा. आणि मग बोलली, सगळ्या गावाच्या कंबरेला माझ्या पोराचा पाय लागला, आणि घरात तुझी कंबर दुखते तर तोच नाय ग.

मान वळवायची नव्हती, पण मी वळवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि हाताला सुया, पुसता येईना. माझं पण तेच. डॉक्टरबाई आत आल्या, आमाला बघितलं आणि परत बाहेर गेल्या. त्या दिवशी घरी येऊन सासूनं पेटीतला शर्ट काढला, परत खुंटीवर लावला.

दिवस भरत आले तसं डॉक्टरबाईंनी बाळंतपणाची तयारी सांगितली, श्वास कसा सोडायचा, आणि कळा येताना बरोबरच्या माणसानं कंबरेवर कुठं दाबायचं. बाकीच्या बायकांबरोबर त्यांचे नवरे आले होते, लाजत लाजत शिकत होते. मी खाली मान घालून बसलेले. तर सासू उठली, बांगड्या मागं सारल्या आणि बोलली, मला दाखवा, हिच्याबरोबर मी हाय. मिठानं चिरलेले हात तिचे, पण दाबलं ना, तर अगदी जागेवर.

कळा सकाळपासून सुरू झाल्या. दवाखान्यात नर्सबाईंनी एकीला आत राहू दिलं. लोक विचारतात सुयांनी बाळंतपण सोपं झालं का, आता सोपं कसलं बाय, जीव जातो आणि येतो. पण मी भ्याले नाय, श्वास सोडत होते, आणि प्रत्येक कळेला ती पाठीमागनं दाबत होती. शेवटी शेवटी मला राहवलं नाय, मी प्रकाश म्हणून ओरडले. वाटलं आता ही रागवेल. तर ती दाबत दाबत बोलली, घे, घे त्याचं नाव, मोठ्यानं घे. आणि ती पण ओरडायला लागली माझ्याबरोबर. दुपारी मुलगी झाली. डोक्याकडनं, सरळ.

आता ती चालते, बोलते, कोंबडीमागं पळते. मागं काही खलाशी सुटून आले, त्यात हा नव्हता. आमी दोघी स्टेशनला गेलो होतो तरी, उतरणाऱ्यांची तोंडं बघत उभ्या राहिलो. एकानं सांगितलं, प्रकाश बरा हाय, तिकडं पण सगळ्यांना हसवतो. तेवढ्यावर आमी कितीतरी दिवस जगलो. बंदराला कोणी बोटीतनं उतरलं की पोर विचारते, हाच का? सासू अजून अधूनमधून बाजारातनं येताना डॉक्टरबाईंकडं जाऊन पडते, गुडघ्यासाठी बोलते. मी काय विचारत नाय.

घ्या, चहा घ्या, गार होतोय. तुमी आता घरी जाल, तुमचं माणूस घरी असेल ना? असू दे, सदा असू दे. आणि प्रकाश आला की मी त्याला सांगेन, एक ताई येऊन गेल्या, सगळं तुझंच विचारत होत्या.