अर्ज मागे घेण्याचं कारण

माहितीच्या अधिकाराचं मला सांगू नका यार! आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटच्या केसचा निकाल जजसाहेबांनी कधीचा राखून ठेवलेला. मी सरळ कोर्टातच अर्ज टाकला: निकालाला उशीर का होतोय? वकिलाला हे कळलं आणि तो पांढराफटक पडला. "फैसला अभी उन्हीं के हाथ में है, और आप उन्हीं से हिसाब माँग रहे हैं?"

दुसऱ्या दिवशी धावत अर्ज परत घ्यायला गेलो. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "वजह लिखिए."

अर्ज करताना कुणी कारण विचारलं नव्हतं! मग ऑफिसात रजेसाठी लिहितो तेच लिहिलं: घरगुती अडचण.

बाबूने वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "डरिए मत साहब, सब यही लिखते हैं."