काकांचा न वाजवण्याचा सराव

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मुलीने कान टवकारले. शेजारी गायकवृंदातल्या दोघी बोलत होत्या.

“उद्याची स्पर्धा अ कापेला आहे. नुसते गळे! वाद्य दिसलं तर आपण बाद. काकांना सांगितलंस ना?”

“वीस वर्षं पियानो वाजवलाय गं त्यांनी. जीभच रेटेना. म्हटलं, या, पण वाजवू नका.”

“आणि ऐकलं?”

“रोज दोन तास न वाजवण्याचा सराव करतायत! म्हणाले, दुसऱ्या कडव्यात तुम्ही पळता, माझं न वाजवणं मागे पडतं.”

“अगं बाई! पियानो आणणार?”

मुलीचा नंबर पुकारला.

“आजोबा, आधी तुम्ही जा ना,” ती पलीकडे बसलेल्या आजोबांना म्हणाली आणि पुन्हा त्या दोघींकडे कान लावून बसली.

“छे गं, नुसतं स्टूल. आणि पानं उलटायला काकू.”