फुलीच्या जागी काळं

—नाही हो, पाइपच वाजतोय तो, मागच्या खोलीतला. जुनी इमारत, ठोकल्यासारखं होतंच. बसा तुम्ही. ती खुर्ची नको, ती अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची. हां, त्या स्टुलावर. बँकेचेच ना तुम्ही, चित्रांच्या पानांची किंमत ठरवणारे? गेल्या आठवड्यात येऊन गेलात म्हणे, मी नव्हते तेव्हा. टायवाले येतील — आमचे डायरेक्टर हो, झोपतानाही टाय काढत नसेल मेला — येतील, जातात कुठे!

कंपनी बुडाली, माहितीये. कुणी बुडवली? आम्ही? सिनेमे काढले, आपटले. करमणुकीची बाग काढली, तिच्या पाळण्यांना गंज चढला. आणि या सगळ्यांना पोसलं कुणी? आमच्या कॉमिक्सनं! अण्णा शाई करायचा, मी फुग्यांतली अक्षरं लिहायची, जन्म गेला या खोलीत. खप उतरला की वरून निरोप — या महिन्यात कुणाला तरी मारा. मारलं की खपतंय! मग आम्ही मारत सुटलो. हिरोचा बाप मारला, बायको मारली, कुत्रासुद्धा सोडला नाही. शेवटी हिरोलाच कड्यावरून ढकलला. त्या पानावर शाई करताना अण्णा रडत होता, वेडा.

आणि आता म्हणे मूळ पानांचा लिलाव, तेवढंच विकण्यासारखं उरलंय. विका बापडे! पण शाईवाल्याच्या टेबलावर पान ठेवताना त्यावर फुली मारतं का कुणी? तुम्हाला नसेल ठाऊक — पेन्सिलवाला चित्र काढतो, जिथं गच्च काळं हवं तिथं बारीकशी फुली मारतो. शाईवाला विचारत नाही. फुली दिसली की काळं. अण्णाला तर आता नीट दिसतही नाही, पण फुली दिसते. काल दुपारी टायवाल्याकडून टेबलावर गठ्ठा आला, निवडक पानांचा, प्रत्येकावर फुली — कुणाच्या तोंडावर, कुठे आभाळात. त्याला वाटलं, दुरुस्त्या आल्यात. बसला मान खाली घालून. सगळी भरली हो! एकेक तोंड काळंठिक्कर. आणि वर मला म्हणतो कसा, ‘बघ, अजून हात थरथरत नाही.’

सकाळी टायवाल्यानं बघितलं. काही विचारणं नाही, सवरणं नाही — ती लोखंडी पट्टी उचलली आणि अण्णाचा हात टेबलावर दाबून धरून हाणली. बोटांवर. पुन्हा पुन्हा. मी ओरडतेय, अण्णा नुसता म्हणतोय, ‘फुली होती, साहेब, फुली होती.’ उजवा हात हो! वॉचमननं दवाखान्यात नेलाय त्याला. ते डाग शाईचे नाहीत, पाय जरा बाजूला घ्या.

मग? मग मी गप्प बसणार होते? पानांवर ठेवायचं वजन आहे ना, ते घातलं टायवाल्याच्या कानशिलात. बसला मटकन. फरफटत नेला मागं. हात पाठीशी बांधले. टाय होताच गळ्यात, दुसरं टोक पाइपाला बांधलं. म्हटलं, हलू नकोस, हललास की गाठ आवळते. बोटं मोडलीस ती मोडलीस, पण ‘फुल्या मीच मारल्या’ एवढं कबूल कर, सोडते. एवढंच हो! माझ्या भावाची चूक नव्हती, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. तर मेला आपलं एकच — ‘मी नाही, मी नाही.’ तोंडावर खोटं! तोंडात बोळा कोंबला, म्हटलं, मग बस पाइपावर ठोकत.

अहो, असे पांढरे काय पडलात? दाराला कुलूप आहे, ओढून उपयोग नाही. बसा. तुम्ही आपलं काम करा. ही राहिलेली पानं, घ्या, बघा. चांगली आहेत ना? हे तर अण्णाचं लाडकं — अहो, पेन्सिल कशाला काढलीत? काय करताय? फुली? ...लिलावाला न्यायचं म्हणून? म्हणजे ही तुमची खूण... म्हणजे गेल्या आठवड्यात पण तुम्हीच...

तो म्हणत होता. मी नाही, मी नाही म्हणत होता.

थांबा. बोलू नका. पाइप — पाइप कधी थांबला हो?