होडीचं बारसं

(पलूस तालुक्यातला कृष्णेचा घाट. पाण्यालगत झेंडूची माळ घातलेली नवी होडी. माणसं अजून वर देवळापाशी. थोरली जाऊ अंजना पूजेचं ताट धरून उभी. समोर धाकटी अंकिता, नौदलातून नुकत्याच निवृत्त झालेल्या दिराची बायको.)

अंकिता : ताई, हा नारळ तुम्ही आणलात?

अंजना : मग कुणी आणायचा? फोडायचा मान तुला, आणायचा मला. ठिव ताटात.

अंकिता : हलवून बघितला. पाणी वाजत नाही यात.

अंजना : बाजारात कोण वाजवून बघतंय?

अंकिता : तुम्ही बघता. परवा मारुतीला नेताना पाच नारळ वाजवलेत. मी होते की बरोबर.

अंजना : आजबी वाजवलं. न् हाच घेतला. वास मारत हुता, तरी घेतला. जा, सांग समद्यांस्नी.

अंकिता : माझ्या हातून नासका फुटावा म्हणून?

अंजना : व्हय. लोकांनी म्हणावं, हिच्या हाताला यश न्हाई. भावजी म्हणलं, नौदलात बाईच नारळ फोडती, जहाजाचं नाव मोठ्यानं घेती, मग ती त्याची आई. ऐकलं न् जळले मी.

अंकिता : रीत आहे ती, ताई. इंग्रज दारूची बाटली फोडायचे, आपण नारळ घेतला.

अंजना : रीत नगं सांगू. म्हापुरात ह्यांचा हात मोडला, तवा जुनी होडी मी हाकली. आठ दिस. बाळंतिणी, म्हाताऱ्या, रेडकं, समदं पल्याड नेलं. न् आई कोण? जिनं कवा वल्हं धरलं न्हाई ती!

अंकिता : माहितीये मला.

अंजना : काय म्हाईत हाय?

अंकिता : क्वार्टरमध्ये कुणी जेवायला आलं की यांचं सुरू, ‘आमच्या वहिनीनं पुरात होडी हाकली.’ हे सहा-सहा महिने समुद्रावर. परक्या गावात दोन पोरं मी एकटीनं वाढवली. त्याची गोष्ट यांनी नाही कुणाला सांगितली. म्हणून हा मान मिळाल्यावर ‘ताईंना द्या’ असं मी म्हणाले नाही. मुद्दाम.

अंजना : मुद्दाम?

अंकिता : तुम्हीच जळता होय?

(वरून अंजनाचा नवरा नाथाजी हाक मारतो.)

नाथाजी : अंजना, गुरव आलं गं! नारळ घेतलास न्हवं?

अंजना : आवं, थांबा जरा! ...आता गं?

अंकिता : देवळात फोडायचा एक आहे पिशवीत. वाजवा तुम्हीच.

अंजना : वाजतंय पाणी. भरल्याला हाय. तो नासका दे हिकडं, पदराखाली धरते.

अंकिता : नारळ मी फोडते. होडीचं नाव तुम्ही घ्या. माझा आवाज पल्याड जायचा नाही.

अंजना : त्येवढ्यानं माझी जळजळ जायाची न्हाई, सांगून ठिवते.

अंकिता : माझीही नाही.

अंजना : बरं, चल. आदी पायातल्या चपला काढ. होडीत तसं चढत न्हाईत.